पाप कोणाचे? ईडिपसचे की त्याच्या आईबापांचे?

सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ या नाटकाविषयी परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांतून वर्षानुवर्षे एकच उत्तर छापले जाते. ईडिपस थोर राजा होता, परंतु त्याच्या स्वभावात अहंकार हा दोष होता. त्या दोषापायी त्याचा अधःपात झाला. आणि हे सारे ॲरिस्टॉटलच्या नियमांना धरूनच झाले. विद्यार्थी हे उत्तर पाठ करतात, परीक्षक त्याला गुण देतात. पुढे त्यांतलेच काही विद्यार्थी शिक्षक होतात, काही आमच्यासारखे धर्मगुरू होतात. मग तेच उत्तर उपवासकाळातील प्रवचनात दृष्टान्त म्हणून अवतरते: पाहा, गर्वाचे घर खाली! आमचे भांडण या उत्तराशी आहे. ते ॲरिस्टॉटलच्या दृष्टीने चुकीचे आहे, सोफोक्लीसवर अन्याय करणारे आहे, आणि ज्या ख्रिस्ती धर्माच्या नावाने ते कधी कधी सांगितले जाते त्या धर्माच्या शिकवणीच्या तर ते सरळ विरुद्ध आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाटकाचे मर्म चुकीचे सांगितले तर आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. ज्या घरात अपंग मूल जन्माला येते, ज्या घरातला कर्ता पुरुष चाळिशीतच जातो, त्या घराच्या अंगणात सांत्वनाला आलेली माणसे दबक्या आवाजात एक प्रश्न विचारतातच: यांच्या हातून असे काय घडले असेल? ईडिपसचा दोष शोधणारा विद्यार्थी आणि शेजाऱ्याचे पाप शोधणारा सांत्वनकर्ता हे एकाच शाळेत शिकलेले आहेत.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. (पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने १९७९ साली ते मराठीत आणले आहे. आमच्या तरुणांनी मार्गदर्शिका बाजूला ठेवून ते वाचावे.) थीब्ज नगरीचा राजा लायस याला भविष्यवाणी होते की तुझा वध तुझ्याच मुलाच्या हातून होईल. मूल जन्मताच त्याचे घोटे टोचून, बांधून त्याला डोंगरावर टाकून देण्यासाठी एका मेंढपाळाच्या हवाली केले जाते. मेंढपाळाला दया येते. तो ते मूल करिंथच्या दुसऱ्या मेंढपाळाला देतो. करिंथ म्हणजे पुढे संत पौलाने ज्या नगरीतील भाविकांना पत्रे लिहिली तीच. तेथील निपुत्रिक राजा पॉलिबस आणि राणी मेरोपी त्या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढवतात. तरुणपणी एका मेजवानीत कोणी दारूच्या भरात त्याला, तू या बापाचा नव्हेस, असे हिणवतो. तो डेल्फीला जाऊन देवाला विचारतो. त्याला जन्माचा उलगडा होत नाही. उलट, तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, एवढेच सांगितले जाते. तो भयाने करिंथकडे पाठ फिरवतो. तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी एका रथातील लोक त्याला रस्त्यावरून ढकलतात, म्हातारा स्वामी त्याच्या डोक्यावर दुधारी पराणी हाणतो, आणि झटापटीत तो म्हातारा व त्याची माणसे मारली जातात. पुढे थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्सचे कोडे ईडिपस सोडवतो. कृतज्ञ नगरी त्याला राज्य आणि विधवा राणी योकास्ता देते.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की यांतले काहीही रंगभूमीवर घडत नाही. पडदा उघडण्यापूर्वीच, म्हणजे आपल्या मराठी भाषेत पडदा, ग्रीकांकडे तो नव्हता, हे सारे घडून गेलेले आहे. नाटक सुरू होते तेव्हा नगरीत रोगराई आहे. लायसचा खुनी नगरीत आहे तोवर ती हटणार नाही असा देवाचा निरोप आला आहे. आणि राजा त्या खुन्याचा शोध घेण्याची शपथ घेतो. अवघ्या १५३० ओळींच्या या नाटकाची क्रिया एकच: शोध.

शोकांतिकेच्या संकेतांत हे नाटक कसे बसते, हा प्रश्न परीक्षेत असतो. तो आम्हांला थोडा उलटा वाटतो. सोफोक्लीसचा मृत्यू ख्रिस्तपूर्व ४०६ च्या सुमाराचा. ॲरिस्टॉटलचा तर जन्मच ख्रिस्तपूर्व ३८४ चा. अंगरखा आधी शिवला गेला, माप नंतर घेतले गेले. ‘काव्यशास्त्र’ लिहिताना ॲरिस्टॉटल पुन्हा पुन्हा याच नाटकाकडे वळतो. (त्या ग्रंथाचे गो. वि. करंदीकरांनी, म्हणजे आपल्या विंदांनी, केलेले मराठी भाषांतर १९५७ पासून उपलब्ध आहे.) तेव्हा नाटक नियमांत बसते यात नवल काहीच नाही. गंमत एवढीच, की ज्या नाटकावरून माप घेतले त्याला त्याच्या पहिल्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले नव्हते. ते एस्किलसचा भाचा फिलोक्लीस याने नेले, अशी प्राचीन नोंद आहे. परीक्षकांचे चुकणे तेव्हापासून चालत आले आहे.

तरीही नियम पाहूच. ॲरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेचा आत्मा म्हणजे कथानक. स्वभावचित्रण त्याच्या मागून येते. हा क्रम मार्गदर्शिका प्रथम लिहितात आणि पुढच्याच पानावर विसरतात. कथानकात दोन गोष्टी असाव्यात: परिस्थितीचा विपर्यास आणि अभिज्ञान, म्हणजे न कळलेले कळणे. दोन्ही एकाच क्षणी घडतील ते कथानक उत्तम. ईडिपसमध्ये तसेच घडते. करिंथहून दूत येतो. पॉलिबस वारला, आता आईशी लग्न होण्याचे भय तेवढे राहिले, असे राजा म्हणतो. त्याचे भय घालवावे या सद्‌हेतूने दूत सांगतो, मेरोपी तुमची आई नव्हेच. तुम्हांला मीच लहानपणी त्या घरी दिले. सुटकेसाठी उच्चारलेले वाक्यच फास होते. योकास्ताला ते राजाच्या आधी कळते. ती त्याला विनवते, पुढे विचारू नकोस. तो ऐकत नाही. मग तो म्हातारा थीब्जचा मेंढपाळ आणला जातो. मूल टाकायला नेणारा तोच, आणि लायसच्या वधाच्या वेळी जीव घेऊन पळालेला साक्षीदारही तोच. दोन शोध एका माणसाच्या तोंडाशी येऊन मिळतात. पुढचे दुःखभोग, म्हणजे योकास्ताचे गळफास घेणे आणि राजाने तिच्या वस्त्रांवरील टाचण्यांनी स्वतःचे डोळे फोडणे, ग्रीक संकेताप्रमाणे आतल्या बाजूला घडतात आणि दूत येऊन सांगतो. हे कथानक नुसते कानांनी ऐकले तरी अंगावर काटा यावा, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. त्याच्याशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. काळ, स्थळ व कृती यांच्या ‘तीन ऐक्यां’विषयी मात्र मार्गदर्शिकांनी त्याला वेठीस धरू नये. स्थळाचे ऐक्य त्याने कोठेही सांगितलेले नाही. ती सोळाव्या शतकातील इटालियन टीकाकारांची भर आहे.

मूळ वाद आहे तो एका शब्दाचा. ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल विचारतो की शोकांतिकेचा नायक कसा असावा. अत्यंत सज्जन माणूस सुखातून दुःखात पडताना दाखवू नये, ते केवळ किळसवाणे होते. दुष्ट माणूस पडताना दाखवू नये, त्याने समाधान वाटेल, करुणा वाटणार नाही. उरतो तो मधला माणूस, आपल्यासारखा किंवा थोडा बरा. तो पडतो तो दुष्टपणामुळे नव्हे, तर एका मोठ्या ‘हमार्तिया’मुळे. उदाहरण म्हणून तो ज्यांची नावे घेतो त्यांत ईडिपस पहिला. मार्गदर्शिकांतला ‘स्वभावदोष’ हा या हमार्तियाचा अनुवाद आहे. दुष्टपणा नव्हे, असे ज्या वाक्यात त्याने सांगितले त्याच वाक्यातल्या शब्दाला आपण दुर्गुणाचा अर्थ चिकटवतो, हे नवल आहे.

हमार्तिया या शब्दाचा धातू नेमबाजीतला आहे. होमरच्या काव्यात भाला चुकला की तेच क्रियापद येते. आम्हां सेमिनरीत शिकलेल्यांना या शब्दाची भूल पडते ती आणखी एका कारणाने. नव्या करारात तोच शब्द पापासाठी वापरला आहे. संत पौलाचे रोमकरांस पत्र त्याने भरलेले आहे. म्हणून ग्रीक येणारा धर्मगुरू ॲरिस्टॉटल वाचू लागला की हमार्तिया दिसताच त्याला पाप दिसते. परंतु पवित्र शास्त्रालाही शब्दाचे मूळ ठाऊक आहे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामिनाच्या वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख आहे. केसावरही त्यांचा नेम चुकत नसे. तेथे ‘चुकणे’ यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे तेच इतरत्र पाप करणे या अर्थी येते, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही तेथे हमार्तियाच्याच कुळातले रूप आहे. शब्द एक, पण पौलाने त्यात जो अर्थ भरला तो ॲरिस्टॉटलच्या चारशे वर्षे आधीच्या वाक्यात ओतता येत नाही.

ॲरिस्टॉटलचा आशय काय होता याचा पुरावा त्याच्याच नीतिशास्त्रात आहे. त्या ग्रंथाच्या पाचव्या भागात अज्ञानाने घडलेल्या कृत्याचे उदाहरण देताना तो म्हणतो की एखादा मनुष्य दुसऱ्यावर प्रहार करतो, समोर माणूस आहे हे त्याला ठाऊक असते, पण तो आपला बाप आहे हे ठाऊक नसते. हे लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणते नाटक असेल हे सांगायला नको. हमार्तिया म्हणजे महत्त्वाची वस्तुस्थिती ठाऊक नसताना केलेले कृत्य. आयरिश पंडित ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचाच दाखला घेऊन स्वभावदोषाच्या या कल्पनेचा समाचार घेतला होता. त्याला साठ वर्षे होत आली. आमच्या मार्गदर्शिकांपर्यंत ती बातमी अजून पोहोचायची आहे.

पंडितांचे राहू द्या, साधा तर्क लावून पाहा. ॲरिस्टॉटल त्याच प्रकरणात सांगतो की करुणा वाटते ती पात्रता नसताना दुःख भोगणाऱ्याविषयी, आणि भय वाटते ते आपल्यासारख्याच माणसाविषयी. ईडिपसला त्याच्या अहंकाराची शिक्षा झाली असेल, तर ते दुःख त्याला साजेसेच झाले. मग करुणा कोठून येणार? आणि करुणा नाही, तर भावनांचे विरेचन कशाचे? मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या पानावर व्याख्या, पाचव्या पानावर स्वभावदोष. दोन्ही खरी असू शकत नाहीत. एक पान फाडावे लागेल.

आता हे प्रकरण आमच्या स्वतःच्या न्यायालयात नेतो. ईडिपस कुमसाराला आला आहे असे समजा. मोठे पाप होण्यास तीन गोष्टी लागतात, हे आमच्या धर्मशिक्षणवर्गातील मुलेही सांगतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवण ग्रंथात ते परिच्छेद १८५७ मध्ये आहे: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याचे पूर्ण ज्ञान हवे, आणि मनःपूर्वक संमती हवी. पितृहत्या आणि मातृगमन यांहून गंभीर बाबी कोणत्या? परंतु ज्ञान शून्य, आणि म्हणून त्या कृत्यांना संमतीही शून्य. नुसते शून्य नव्हे, त्याची इच्छा नेमकी उलट होती. पापाची निमित्ते टाळावीत असे आम्ही पश्चात्तापाच्या प्रार्थनेत म्हणतो. ईडिपसने काय केले? आईबापांना इजा होऊ नये म्हणून राजवाडा, वारसा, माया सारे सोडून तो पायी निघून गेला. पापाचे निमित्त टाळण्यासाठी एवढी किंमत मोजणारे आमच्या कुमसारघरात फारसे येत नाहीत. संत थॉमस अक्वायनस अज्ञानाचा विचार करताना बाण सोडणाऱ्या माणसाचे उदाहरण देतात. योग्य ती काळजी घेऊनही रस्त्याने कोणी येत आहे हे त्याला कळले नाही आणि वाटसरू मेला, तर तो वध त्याच्या इच्छेने झालेला नव्हे. पुन्हा बाण, पुन्हा नेम. कॅथोलिक नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाने तरी ईडिपसला दोषी ठरवताना दहा वेळा विचार करायला हवा होता.

येथे कोणी म्हणेल, पितृहत्या नसेल, पण हत्या तर आहे. रस्त्यावरच्या भांडणात त्याने माणसे मारली. मान्य. कुमसारात आम्ही त्याविषयी अवश्य विचारू, आणि प्रायश्चित्तही देऊ. पण नाटक त्याची शिक्षा करते आहे काय? लायस कोणी परका म्हातारा असता, तर नाटकात रोगराई आली नसती आणि राजाने डोळे फोडले नसते. ज्या भविष्यवाणीने हे सारे घडले ती मुलाच्या जन्मापूर्वीची आहे. पाळण्यातल्या मुलाच्या रागीटपणाची ती शिक्षा कशी असेल?

तो रागीट आहे हे आम्ही नाकारीत नाही. अंध द्रष्टा तिरेसियस याला तो टाकून बोलतो, मेव्हणा क्रिऑन याच्यावर कटाचा खोटा आळ घेतो. पण तो शांत राहिला असता तर एकही गोष्ट बदलली असती काय? बाप मेला तो मेलाच होता, आई पत्नी झाली ती झालीच होती. उलट विचार करा. ज्या गुणामुळे सत्य बाहेर आले तो त्याचा दुर्गुण नव्हे, सद्‌गुण होता. प्रजेच्या दुःखाने त्याला झोप नाही, म्हणून तो शोध घेतो. सत्य आपल्याच अंगावर येत आहे हे दिसू लागल्यावरही तो थांबत नाही. तिरेसियसने थांबवले, योकास्ताने विनवले, मेंढपाळाने गयावया केली. आपल्या सार्वजनिक जीवनात चौकशी आपल्या दाराशी आली की किती जण ती पुढे चालू ठेवतात, याचा वाचकांनीच विचार करावा. जरा साखळी तपासून पाहा: मेंढपाळाची दया, पॉलिबसची माया, ईडिपसचे घर सोडणे, दूताचे सांत्वन. या साखळीची बहुतेक कडी चांगुलपणाची आहे. आम्हांला या नाटकाचे खरे भय वाटते ते येथे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार वृंद आहे. नाटकाच्या मध्यावर थीब्जचे वृद्ध नागरिक उद्दामपणाविरुद्ध एक गंभीर गीत म्हणतात, आणि तेच नाटकाचे तात्पर्य असे मार्गदर्शिका सांगतात. गीत कोठे येते ते पाहावे. योकास्ता भविष्यवाण्यांना तुच्छ लेखून गेली आहे. लायसला मारणारा आपण तर नव्हे, अशी शंका राजाने नुकतीच बोलून दाखवली आहे. देव खोटे ठरले तर आम्ही नाचगाणी कोणासाठी करावीत, असा त्या वृद्धांचा आक्रोश आहे. ती घाबरलेल्या भाविकांची प्रार्थना आहे, लेखकाचा निकाल नव्हे. त्यातच ते नगरीच्या हितासाठी झगडणाऱ्याचे बळ देवाने काढून घेऊ नये असेही मागतात, हे सोयीस्करपणे गाळले जाते.

दुसरा एक पक्ष अधिक धूर्त आहे. तो म्हणतो, मुलाचे पाप नसेल, बापाचे होते. ग्रीक दंतकथांत तसे आहेही: लायसने आपल्या यजमानाच्या मुलाला पळवून नेऊन भ्रष्ट केले, म्हणून त्याच्या कुळाला शाप. एस्किलसच्या नाटकात लायसला इशाराही मिळतो की नगरी वाचवायची असेल तर निपुत्रिक मर. सोफोक्लीसला ही परंपरा ठाऊक होती. त्याने काय केले? या नाटकात लायसच्या त्या गुन्ह्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. भविष्यवाणी विनाअट आहे. हे केलेस तर ते होईल, अशी ती नाही. नाटककार जे गाळतो तेही त्याचे लेखनच असते. कुळाच्या शापाचे सोपे उत्तर हाताशी असताना त्याने ते टाकून दिले.

आणि आमच्याकडे काय चालले आहे? काही रिट्रीटमधून आणि प्रार्थनासभांतून सांगितले जाते की तुमच्या घरातील आजार, मोडलेले विवाह, मुलांची व्यसने ही पूर्वजांच्या पापांची पिढीजात फळे आहेत. वंशवृक्षाचा कागद काढा, नावे लिहा, शाप तोडून घ्या. आमच्या धर्मग्रामांतील साधी माणसे मेलेल्या आजोबांचे पाप आठवत बसतात. ज्या सोफोक्लीसला ख्रिस्त ठाऊक नव्हता त्याने जे टाकले ते आम्ही बाप्तिस्मा झालेल्यांनी उचलून आणले आहे! निर्गम या पुस्तकातील तिसऱ्या-चौथ्या पिढीचा दाखला ते देतात. मग यहेज्केलाचा अठरावा अध्याय कोणासाठी लिहिला गेला? बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहायचा नाही, हे तेथे इतके विस्ताराने सांगितले आहे की न समजण्याची सोय नाही. फ्रान्सच्या बिशपांनी २००७ साली आणि स्पेनच्या बिशपांनी २०२४ साली अशा ‘वंशवृक्ष-आरोग्या’च्या प्रार्थनांविरुद्ध लेखी इशारे दिले आहेत, ते येथेही वाचले जावेत.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाला पाहून प्रभूला हाच दुहेरी प्रश्न केला होता: याचे पाप की आईबापांचे? तेथेही क्रियापद हमार्तियाचेच आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हाही ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने बजावले. संत लूकाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. ईयोबाच्या मित्रांचे तर सारे तत्त्वज्ञान स्वभावदोषाचे होते, आणि शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. पापातून दुःख उपजते हे आम्ही नाकारत नाही; दारुड्याचे यकृत त्याची साक्ष देते. परंतु पापातून दुःख येते यावरून, दुःख दिसले की मागे पाप असणारच, असे उलटे अनुमान काढता येत नाही.

मग सारे नियतीचेच, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तेही नाही. ‘नियतीच्या हातचे बाहुले’ हा मार्गदर्शिकांचा दुसरा आवडता शब्दप्रयोग, आणि पहिल्याच्या शेजारी तो कसा नांदतो हे त्यांनाच ठाऊक. भविष्य सांगितले गेले म्हणून कृत्य लादले गेले असे होत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने पेत्राचा नकार आधीच सांगितला होता. अंगणातल्या शेकोटीपाशी पेत्र नाकारला तो स्वतःच्या तोंडाने. ईडिपसही म्हणतो की दुःखे अपोलोने आणली, पण डोळ्यांवर पडलेला हात माझा. रंगभूमीवर तो जे जे करतो ते त्याने स्वतः निवडलेले आहे. दोष नसताना कृत्याची जबाबदारी घेणारा माणूस आम्हांला या नाटकात दिसतो, आणि ही गोष्ट बाहुल्याला जमत नाही, अपराध्यालाही सहसा जमत नाही. पवित्र शास्त्रात याला जवळचे असे काही असेल तर ती आश्रयनगरे. लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटून शेजारी मेला, तर त्या माणसाच्या हाताला रक्त लागले हे खरे, पण त्याला खुनी म्हणायचे नाही. त्याच्यासाठी इस्राएलात सहा नगरे राखून ठेवली होती.

आणि काही उत्साही धर्मबंधूंना आणखी एक विनंती. ईडिपस दोषी नाही असे म्हटले की ते लगेच त्याला ख्रिस्ताची पूर्वछाया करू पाहतात. ते करू नये. प्रभूने आपला क्रूस जाणूनबुजून उचलला; ईडिपसला काहीच ठाऊक नव्हते, हेच त्याचे दुःख. त्याला त्याच्या थीब्जमध्ये राहू द्यावे.

आयुष्याच्या अखेरीस सोफोक्लीस पुन्हा याच राजाकडे वळला. ‘कोलोनसमधील ईडिपस’ हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, ख्रिस्तपूर्व ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणले. अंध, म्हातारा, मुलीच्या हाताला धरून भटकणारा ईडिपस अथेन्सच्या सीमेवर येतो, आणि तेथील राजा थीसियस त्याचे पाप न विचारता त्याला आश्रय देतो. मीही परमुलखात वाढलो, असे तो म्हणतो. पाठोपाठ क्रिऑन येऊन चारचौघांत पितृहत्या आणि आईशी लग्न यांवरून त्याला हिणवतो. तेव्हा म्हातारा त्याला विचारतो, आत्ता या क्षणी कोणी तुला ठार मारायला धावून आला, तर तू आधी तो तुझा बाप आहे की काय याची चौकशी करशील, की हात उचलशील? क्रिऑनकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. मार्गदर्शिकांच्या लेखकांकडे असल्यास त्यांनी ते पुढील आवृत्तीत अवश्य छापावे.